फोडाची स्लाइड वाचताना: ऑटोइम्यून फोडरोगांची सूक्ष्मदर्शकाखालील ओळख

नागपूरच्या प्रयोगशाळांत येणारी त्वचेची बायोप्सी केवळ शहरातली नसते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ येथून कुरिअरने किंवा रुग्णाच्या नातेवाइकाच्या पिशवीतून फॉर्मालिनची एक छोटी बाटली येते, सोबतच्या अर्जावर ‘अंगावर फोड, पेम्फिगस?’ इतकेच लिहिलेले असते, आणि त्या एका तुकड्यावरून रुग्णाला महिनोन्‌महिने स्टेरॉइड द्यावे की नाही हे ठरणार असते. अशा बाटलीसमोर बसलेल्या पॅथॉलॉजीच्या रेसिडेंटसाठी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एकट्याने रिपोर्ट देणाऱ्या पॅथॉलॉजिस्टसाठी हा लेख लिहिला आहे.

या रोगांच्या, म्हणजे शरीराची स्वतःचीच प्रतिपिंडे त्वचेतले जोड तोडून फोड उठवतात त्या ऑटोइम्यून फोडरोगांच्या, निदानाचा पाया म्हणजे त्वचा कोणत्या पातळीवर फाटली आहे, हे ओळखणे. वाचायला हे सोपे वाटते. स्लाइडवर दिसणारी फट मात्र रोगानेच पाडलेली असेल याची खात्री नसते. फोड शिळा झाल्याने तिची जागा बदललेली असू शकते, बायोप्सीचे गोल पाते, म्हणजे पंच, फिरवताना पडलेल्या पिळामुळे ती उघडलेली असू शकते किंवा रुग्णाच्या नखांनी ती केलेली असू शकते. म्हणून फटीची पातळी सांगण्याआधी त्या फटीवर विसंबता येईल का, हे ठरवावे. पुढचे सारे विवेचन या एका मुद्द्याभोवती आहे.

तुकडा घेण्यापूर्वी

सूक्ष्मदर्शकाखालची निम्मी चूक वॉर्डात झालेली असते, त्यामुळे सुरुवात तेथूनच करणे भाग आहे. नेहमीच्या एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन व इओसिन रंगांच्या) तपासणीसाठी शक्य तितका ताजा, शक्यतो गेल्या चोवीस तासांत उठलेला लहान फोड निवडावा आणि तो पूर्ण काढावा. फोड मोठा असेल तर त्याची कड अशी घ्यावी की तुकड्यात थोडा फोड आणि बरीचशी लगतची अखंड त्वचा येईल. याचे कारण त्वचेच्या स्वभावात आहे. बाह्यत्वचेखाली झालेल्या फोडाच्या तळावर कडेने आणि केसांच्या मुळांतून नव्या पेशी सरकू लागतात, आणि काही दिवसांत तळावर पेशींचा एक नवा थर तयार होतो. असा शिळा फोड स्लाइडवर पाहिला की फट बाह्यत्वचेच्या आत असल्यासारखी दिसते आणि पेम्फिगॉइडचा (बाह्यत्वचेखाली फट पडणाऱ्या रोगाचा) रुग्ण कागदावर पेम्फिगसचा (बाह्यत्वचेच्या आत फट पडणाऱ्या रोगाचा) होऊन बसतो. भरलेला, टपोरा, मधोमध पंच मारायला सोयीचा फोड डोळ्यांत भरतो खरा, पण बहुधा तोच सर्वांत कमी उपयोगाचा असतो.

दुसरा तुकडा थेट इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, म्हणजे उतीत जमलेली प्रतिपिंडे चमकत्या रंगाने दाखवणाऱ्या डीआयएफ तपासणीसाठी, घ्यावा आणि तो फोडाचा घेऊ नये. फोडापासून एक सेंटिमीटरच्या आतली, वरवर निरोगी किंवा किंचित लालसर दिसणारी त्वचा त्यासाठी योग्य, कारण प्रत्यक्ष फोडात दाहाच्या पेशी जमा झालेली प्रतिपिंडे नष्ट करतात आणि अहवाल खोटा नकारात्मक येतो. पेम्फिगॉइडची शंका असेल तर गुडघ्याखालची जागा टाळलेली बरी. तेथे नकारात्मक अहवाल येण्याचे प्रमाण अधिक असते. तोंडात जखमा असल्या तर जखमेलगतची अखंड श्लेष्मल त्वचा घ्यावी.

हा दुसरा तुकडा फॉर्मालिनमध्ये गेला की डीआयएफसाठी तो संपला. दोन बाटल्या शेजारी ठेवून घाईत अदलाबदल होते, म्हणून बाटलीवरची चिठ्ठी तुकडा काढण्यापूर्वीच लावावी. या तुकड्यासाठी मिशेल माध्यम वापरतात. अमोनियम सल्फेट असलेले हे द्रावण ७.० ते ७.२ या सामूवर ठेवलेले असते आणि त्यात तुकडा सर्वसाधारण तापमानाला काही दिवस टिकतो. माध्यम मिळाले नाही म्हणून डीआयएफ सोडून देण्याचे कारण नाही. साध्या नॉर्मल सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचला तर त्यावर उत्तम वाचन होते, आणि गोंदियाहून किंवा यवतमाळहून नागपूर हे अंतर त्या वेळेत सहज बसते. मे महिन्यात विदर्भातला पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा बाटली थंड पेटीतून पाठवावी. पण ती बर्फाला चिकटवून ठेवू नये, कारण हळूहळू गोठणाऱ्या उतीत बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशींमध्ये रोगाशी काही संबंध नसलेल्या पोकळ्या पडतात.

अर्जावर चार गोष्टी असल्याशिवाय स्लाइड हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे: रुग्णाचे वय, तोंडात जखमा आहेत का, खाज किती आहे आणि कोणती औषधे चालू आहेत. शेवटचा प्रश्न औपचारिक नाही. मधुमेहासाठी दिली जाणारी ग्लिप्टिन गटातली औषधे, विशेषतः व्हिल्डाग्लिप्टिन, बुलस पेम्फिगॉइडला कारण ठरू शकतात, आणि व्हँकोमायसिन या प्रतिजैविकामुळे लिनिअर आयजीए रोग (आयजीए प्रतिपिंडांचा फोडरोग) होऊ शकतो. आपल्या भागात आणखी एक प्रश्न जोडावा तो बिब्ब्याचा. सांधा दुखतो, टाच फुटते म्हणून बिबा लावण्याची रीत खेड्यापाड्यांत अजून आहे, आणि त्याच्या तेलाने उठलेले फोड वरून पाहता भल्याभल्यांना फसवतात. ते फोड संपर्कजन्य दाहाचे असतात. स्लाइडवर पेशींमध्ये पाणी साचून स्पंजसारखी झालेली बाह्यत्वचा दिसते, आणि डीआयएफ नकारात्मक असते.

ग्रॉसिंगच्या टेबलावर

ग्रॉसिंग म्हणजे आलेला तुकडा पाहून, कापून पुढच्या प्रक्रियेसाठी ठेवणे. येथे फार लिहिण्यासारखे नाही, पण एक गोष्ट सुटते. बाटली उघडल्यावर तुकडा उचलून झाला की फॉर्मालिन उजेडासमोर धरून पाहावे. फोडाचे छत कधीकधी सुटून बाटलीच्या तळाशी गेलेले असते. कांद्याच्या पातीवरच्या पापुद्र्याइतके पातळ आणि जवळजवळ पारदर्शक असल्याने ते द्रावणाबरोबर ओतून टाकले जाते. अगदी वरच्या थरात फट पडणाऱ्या पेम्फिगस फोलिएशियसमध्ये तर सगळा पुरावा त्या पापुद्र्यातच असतो. तो गाळणीच्या कागदावर घेऊन, गुंडाळून, त्याच कॅसेटमध्ये ठेवावा. मुख्य तुकडा लहान असेल तर अखंड, मोठा असेल तर पृष्ठभागाला काटकोनात कापून, कडेवर उभा मेणाच्या ठोकळ्यात (ब्लॉकमध्ये) एम्बेड करावा. तिरका सेक्शन आला तर पॅपिलांची (अंतस्त्वचेच्या वर आलेल्या उंचवट्यांची) टोके बाह्यत्वचेत बेटांसारखी दिसतात आणि पातळी ठरवणे अशक्य होते. अशा वेळी अंदाज बांधत बसण्यापेक्षा ब्लॉक पुन्हा वितळवून सरळ करून घ्यावा.

कमी शक्तीवर सुरुवात

चार पट भिंगाखाली आधी फोड शोधावा आणि मग फोडाच्या मध्यापासून दूर, त्याच्या कडेकडे सरकावे. फट जिथे नुकतीच सुरू होते, तिथे रोगाने पाडलेली पातळी सर्वांत खरी असते. मध्यभागी दाह, नवी वाढ आणि मृत पेशी यांनी चित्र बदललेले असते. कडेची ही जागा सापडेपर्यंत मोठे भिंग लावू नये. त्यानंतर छत, तळ, पोकळीतला ऐवज आणि खालची अंतस्त्वचा याच क्रमाने पाहावे. छतात बाह्यत्वचेचे सर्व थर असतील तर फट तिच्या खाली आहे. छतात फक्त केराटिन (सर्वांत वरचा मृत थर) आणि त्याच्या लगेच खालच्या ग्रॅन्युलर थराच्या पेशी असतील तर फट अगदी वर आहे. तळावर बेसल पेशींची (बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थराची) एक ओळ शिल्लक असेल तर फट त्या ओळीच्या लगेच वर आहे. एका सेक्शनवर थांबू नये. फोडरोगाच्या प्रत्येक ब्लॉकमधून निरनिराळ्या खोलीवरचे सेक्शन पहिल्याच दिवशी कापून घ्यावेत. नंतर मागवले तर छोट्या फोडाची कड निसटून गेलेली असते.

फट दिसली, पण तिच्यात द्रव नाही, दाहाच्या पेशी नाहीत, आणि ती तुकड्याच्या कडेलाच आहे, तर ती पंचने पाडलेली असण्याची शक्यता धरावी. खऱ्या फोडाच्या पोकळीत थोडा तरी फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारे तंतुमय प्रथिन), द्रव किंवा पेशी असतातच.

बाह्यत्वचेच्या आतली फट

बाह्यत्वचेतल्या पेशी एकमेकींना डेस्मोसोमने जोडलेल्या असतात. पेम्फिगसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिपिंडे या जोडांतल्या डेस्मोग्लिन प्रथिनांवर हल्ला करतात. डेस्मोग्लिन ३ प्रामुख्याने बाह्यत्वचेच्या खालच्या भागात आणि तोंडाच्या श्लेष्मल त्वचेत असते, तर डेस्मोग्लिन १ वरच्या थरांत अधिक असते. एवढे लक्षात असले की स्लाइडवरचे पुढचे सर्व चित्र पाठ न करता उलगडते. पेम्फिगस व्हल्गॅरिसमध्ये डेस्मोग्लिन ३ वर हल्ला असतो, म्हणून तोंडात जखमा होतात आणि फट खाली, बेसल थराच्या लगेच वर पडते. फोलिएशियसमध्ये हल्ला फक्त डेस्मोग्लिन १ वर असतो, म्हणून फट ग्रॅन्युलर थराजवळ पडते आणि तोंड शाबूत राहते.

व्हल्गॅरिसची चांगली स्लाइड जवळून पाहू. तळावर बेसल पेशी एका ओळीत उभ्या आहेत. बेसमेंट मेम्ब्रेनला (बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा यांच्यामधल्या पातळ पडद्याला) त्यांनी अजून घट्ट धरले आहे, पण शेजारच्या पेशीशी असलेला संबंध तुटल्याने प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना बारीक मोकळी जागा दिसते. ही जागा चाळीस पट भिंगाखाली आवर्जून शोधावी, कारण हेच लक्षण सर्वांत आधी येते आणि फोड फुटून छत गेल्यावरही उरते. पोकळीत एकट्यादुकट्या आणि पुंजक्यांनी सुटलेल्या पेशी तरंगतात: गोल झालेल्या, कोन हरवलेल्या, केंद्रक गडद, केंद्रकाभोवती फिके वलय आणि कडेला आक्रसलेला गुलाबी पेशीद्रव. या ॲकँथोलिटिक पेशी होत. पोकळीत थोडे इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) असतात. नंतर दृष्टी केसांच्या मुळांकडे वळवावी. ॲकँथोलिसिस, म्हणजे पेशींचे असे एकमेकींपासून सुटणे, तेथपर्यंत उतरलेले असेल तर ते पेम्फिगसच्या बाजूने मोठे वजन टाकते, कारण या चित्राची नक्कल करणाऱ्या हेली-हेली रोगात केसांची मुळे बहुधा शाबूत असतात.

तोंडातल्या बायोप्सीत छत जवळजवळ कधीच मिळत नाही. वर फायब्रिन आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींचा थर, खाली दाट दाह, आणि रिपोर्ट ‘अविशिष्ट व्रण’ म्हणून निघून जातो. असा रिपोर्ट देण्यापूर्वी व्रणाच्या कडेला बेसल पेशींची ती ओळ, तिच्यातल्या पेशींमधली जागा आणि फायब्रिनमध्ये अडकलेल्या गोल पेशी शोधाव्यात. रोग महिनोन्‌महिने फक्त तोंडात राहू शकतो, आणि या काळात रुग्ण दातांच्या आणि पोटाच्या औषधांवर फिरत असतो.

फोलिएशियसची स्लाइड याच्या उलट निराश करणारी असते. बऱ्याचदा केराटिनचा थर सरळ गायब असतो आणि त्याखाली थोडीशी जाड झालेली, फारसा दाह नसलेली त्वचा दिसते. अशा वेळी ग्रॅन्युलर थराच्या उरलेल्या पेशींकडे पाहावे. त्या एकमेकींपासून सुटून पृष्ठभागाला लटकलेल्या असतात. केसांच्या मुखाशी वरच्या पातळीवर छोट्या फटी मिळतात. सुटलेल्या छताच्या खालच्या अंगाला एकदोन ॲकँथोलिटिक पेशी चिकटलेल्या सापडल्या तरी पुरे. येथे जिवाणूंचा बुलस इम्पेटिगो आणि लहान मुलांमधला स्टॅफिलोकोकल स्काल्डेड स्किन सिंड्रोम अगदी हुबेहूब दिसतो, आणि तो दिसणारच, कारण स्टॅफिलोकोकसचे विष नेमके त्याच डेस्मोग्लिन १ ला कापते. पोकळीत न्यूट्रोफिल भरपूर आणि ग्रॅम रंगात गोल जिवाणू असतील तर इम्पेटिगो. पण फोलिएशियसच्या फोडातही जिवाणू शिरतात, म्हणून शेवटचा शब्द डीआयएफचा. उन्हाळ्यात आणखी एक फोड याच पातळीवर सापडतो तो म्हणजे पारदर्शक घामोळ्यांचा. केराटिनखालची छोटी, जवळपास रिकामी पोकळी घामाच्या नळीच्या मुखाशी असेल आणि एकही सुटी पेशी नसेल, तर पुढे शोध घेण्याची गरज नाही.

इतर प्रकार थोडक्यात सांगतो. बाह्यत्वचा खाली बोटांसारखी वाढलेली, तिच्यात इओसिनोफिलांचे पुंजके आणि फटी मात्र लहान, असे काखेतल्या किंवा जांघेतल्या तुकड्यात दिसले तर पेम्फिगस व्हेजिटन्स आठवावा. न्यूट्रोफिलांनी भरलेली पोकळी, तुरळक ॲकँथोलिसिस आणि डीआयएफमध्ये पेशींभोवती आयजीए, हा आयजीए पेम्फिगस. १९९० मध्ये प्रथम वर्णन झालेल्या पॅरानिओप्लास्टिक पेम्फिगसमध्ये ॲकँथोलिसिसबरोबर बेसल थराशी लिम्फोसाइट आणि एकेक मेलेल्या केराटिनोसाइट (बाह्यत्वचेच्या पेशी) दिसतात. म्हणजे पेम्फिगस आणि लायकेन प्लॅनस एकाच स्लाइडवर आल्यासारखे. असे चित्र दिसले तर रुग्णाच्या लसिका ग्रंथींबद्दल आणि पोट-छातीतल्या गाठींबद्दल त्याच दिवशी फोन करावा.

नकला करणाऱ्यांपैकी हेली-हेली रोगात ॲकँथोलिसिस बाह्यत्वचेच्या जवळजवळ पूर्ण जाडीत असते, पण पेशी पूर्ण सुटत नाहीत. ढासळायला आलेल्या भिंतीतल्या विटांप्रमाणे त्या अर्धवट जागेवर राहतात. डॅरिअर रोगात गोल, गडद केंद्रकाच्या, अकाली केराटिन साचलेल्या पेशी असतात. दोन्ही आनुवंशिक, दोन्हींत डीआयएफ नकारात्मक. हर्पिसमध्ये ॲकँथोलिसिस असते, परंतु राखाडी, काचेसारख्या केंद्रकांच्या बहुकेंद्रकी पेशी त्याचे पितळ उघडे पाडतात. पावसाळ्यात दिव्याभोवती येणाऱ्या पीडेरस किड्याच्या द्रवाने मानेवर, चेहऱ्यावर उठलेल्या पट्टेदार फोडांतही न्यूट्रोफिल, मृत केराटिनोसाइट आणि कधीकधी ॲकँथोलिसिस दिसते; अर्जावर जागा आणि महिना लिहिलेला असेल तर येथे वेळ वाचतो.

फोडाच्या तळाचा खरवड घेऊन केलेला झँक स्मिअर अजूनही उपयोगी आहे. जिम्साने रंगवलेल्या काचेवर ॲकँथोलिटिक पेशी दहा मिनिटांत दिसतात, कडेला दाट निळ्या पेशीद्रवासह. मात्र ताज्या फोडाचे छत उघडून तळ हळुवार खरवडलेला हवा. केवळ द्रव काचेवर ओढला तर हाती काही लागत नाही. हा स्मिअर संशय वाढवतो किंवा हर्पिस दाखवतो, पेम्फिगस सिद्ध करत नाही.

बाह्यत्वचेखालची फट

१९५३ मध्ये वॉल्टर लिव्हर यांनी बुलस पेम्फिगॉइड हा पेम्फिगसपेक्षा वेगळा रोग म्हणून मांडला तो मुख्यतः याच आधारावर: फट बाह्यत्वचेखाली आहे आणि ॲकँथोलिसिस नाही. येथे पातळी एकच असल्याने निदान दाहाच्या पेशींवरून पुढे सरकते.

इओसिनोफिल भरपूर असतील, पोकळीतही आणि वरच्या अंतस्त्वचेतही, आणि रुग्ण साठीच्या पुढचा व खाजेने हैराण असेल, तर बुलस पेम्फिगॉइड प्रथम. फोड उठण्यापूर्वीच्या पित्तासारख्या चट्ट्यांतही बायोप्सी होते. तेव्हा फट नसते, पण बेसमेंट मेम्ब्रेनलगत ओळीने उभे राहिलेले इओसिनोफिल आणि बाह्यत्वचेत शिरलेले इओसिनोफिल दिसतात. हे दृश्य एकट्याने पुरेसे नाही, कारण कीटकदंश, संपर्कजन्य दाह आणि सुरुवातीचा पेम्फिगसही असे दिसू शकतात. तरी वृद्ध रुग्णात असे चित्र आले तर डीआयएफ सुचवल्याशिवाय रिपोर्ट सोडू नये. गरोदरपणातला पेम्फिगॉइडही स्लाइडवर असाच दिसतो. तेथे अर्जावरची एक ओळ निदान करून जाते.

न्यूट्रोफिल जास्त असतील तर यादी बदलते, आणि ते कोठे आहेत हे बारकाईने पाहावे लागते. पॅपिलांच्या टोकांशी छोटे पुंजके, त्यांत केंद्रकांची धूळ, आणि पॅपिलांमधल्या दऱ्या मोकळ्या, असे असेल तर डर्मॅटायटिस हर्पेटिफॉर्मिस. हा ग्लुटेनशी जोडलेला आणि उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत अधिक आढळणारा रोग आहे. न्यूट्रोफिल पॅपिला आणि दऱ्या दोन्हींच्या लगत सलग पसरलेले असतील तर लिनिअर आयजीए रोग. प्रत्यक्षात या दोहोंचे चित्र इतके मिसळते की एच अँड ई वर ठाम नाव देणे मला पटत नाही. डीआयएफमध्ये फरक एका नजरेत कळतो. बुलस ल्युपसमध्येही न्यूट्रोफिलच असतात, आणि तरुण स्त्रीच्या स्लाइडवर अंतस्त्वचेत म्युसिन वाढलेले दिसले तर ल्युपसच्या तपासण्या सुचवाव्यात.

दाहाच्या पेशी जवळपास नाहीतच, तेव्हा कसोटी लागते. कमी पेशींचा पेम्फिगॉइड असू शकतो, एपिडर्मोलायसिस बुलोसा ॲक्विझिटा असू शकतो, किंवा ऑटोइम्यून नसलेले काही असू शकते. पोर्फिरिया क्युटेनिया टार्डामध्ये पॅपिला ताठ राहून पोकळीत डोकावतात आणि पीएएस रंगात वरच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड, गुलाबी दिसतात. हाताच्या पाठीवरचे फोड असतील तर हा रंग जरूर करावा. छताची बाह्यत्वचा पूर्ण जाडीत मेलेली असेल तर तो औषधाने झालेला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस असू शकतो, आणि त्याची बातमी रिपोर्ट टाइप होण्याची वाट न पाहता तोंडी पोहोचवावी.

फ्लुरोसन्सचे वाचन

१९६४ मध्ये बॉयटनर आणि जॉर्डन यांनी पेम्फिगसच्या रुग्णांच्या रक्तद्रवात बाह्यत्वचेशी जुळणारी प्रतिपिंडे दाखवली, आणि तेव्हापासून या रोगांची नावे रचनेइतकीच प्रकाशाच्या नक्षीवर ठरू लागली. माध्यमातून आलेला तुकडा बफरने नीट धुवावा. अमोनियम सल्फेट उरले तर रंग बसत नाही. गोठवलेल्या उतीचे चार-पाच मायक्रॉनचे सेक्शन आयजीजी, आयजीए, आयजीएम, सी३ (रोगप्रतिकारातले एक प्रथिन) आणि फायब्रिनोजेन यांच्याविरुद्धच्या पाचही प्रतिपिंडांनी रंगवावेत, खर्च वाचवण्यासाठी एकच करू नये. पेम्फिगॉइडमध्ये अनेकदा सी३ ची रेषा आयजीजीपेक्षा ठळक असते, आणि फक्त आयजीजी केलेल्या प्रयोगशाळेतून तो रुग्ण नकारात्मक होऊन परततो.

पेशींभोवती हिरवी जाळी म्हणजे पेम्फिगस. ही जाळी व्हल्गॅरिसमध्ये खाली आणि फोलिएशियसमध्ये वर अधिक उजळ असते असे शिकवले जाते, पण त्यावरून प्रकार ठरवण्याचा मोह टाळावा. प्रकार एच अँड ई ने किंवा रक्तातल्या डेस्मोग्लिनविरोधी प्रतिपिंडांच्या एलायझा चाचणीने ठरवावा. बेसमेंट मेम्ब्रेनवर सलग रेषेत आयजीजी व सी३ म्हणजे पेम्फिगॉइड गट किंवा एपिडर्मोलायसिस बुलोसा ॲक्विझिटा. सलग रेषेत आयजीए म्हणजे लिनिअर आयजीए. पॅपिलांच्या टोकांवर आयजीएचे कण म्हणजे डर्मॅटायटिस हर्पेटिफॉर्मिस. रेषा आणि कण यांतला फरक चाळीस पट भिंगाखाली पाहावा, कारण कमी शक्तीवर दाट कणही रेषा भासतात. अंतस्त्वचेतले लवचीक तंतू आणि केराटिनचा थर स्वतःच चमकतात; नवख्या डोळ्यांना ते सकारात्मक वाटतात, म्हणून प्रतिपिंड न लावलेला एक सेक्शन बाजूला असावाच. चमक उजेडात विझते, तेव्हा वाचन आणि छायाचित्र त्याच बैठकीत उरकावे.

पेम्फिगॉइड आणि ॲक्विझिटा यांची फारकत करण्यासाठी सॉल्ट स्प्लिट ही स्वस्त युक्ती आहे. उती एक मोलर मिठाच्या द्रावणात चार अंशांवर एक-दोन दिवस ठेवली की त्वचा बेसमेंट मेम्ब्रेनच्या लॅमिना ल्युसिडा या थरात दुभंगते. चमक छताला राहिली तर लक्ष्य बीपी१८० किंवा बीपी२३० ही प्रथिने, म्हणजे बुलस पेम्फिगॉइड. तळाला राहिली तर कोलॅजन ७ वरचा ॲक्विझिटा, किंवा लॅमिनिन ३३२ वरचा श्लेष्मल त्वचेचा पेम्फिगॉइड. या दुसऱ्या शक्यतेत कर्करोगाचा शोध घ्यावा लागतो, म्हणून ‘तळाला’ हा शब्द रिपोर्टमध्ये ठळक लिहावा. मीठही नसेल तर पातळ सेक्शनवर मोठ्या भिंगाखाली रेषेची दंतुरता पाहता येते: कमानी वर बंद आणि खाली उघड्या असतील तर पेम्फिगॉइड, वर उघडलेल्या गवतासारख्या असतील तर ॲक्विझिटा. यासाठी सराव लागतो आणि चांगला क्रायोस्टॅटही (गोठवलेल्या उतीचे पातळ काप करणारे यंत्र).

एकच ब्लॉक हाती असेल तर

दुसरी बाटली आलीच नाही आणि रुग्ण परत गावी गेला, ही आपल्याकडची नेहमीची स्थिती आहे. तरी पॅराफिन ब्लॉकमधून बरेच काढता येते. पीएएस किंवा कोलॅजन ४ च्या रंगात बेसमेंट मेम्ब्रेनची रेषा फोडाच्या तळाला दिसली तर पेम्फिगॉइडला बळ मिळते, छताला दिसली तर ॲक्विझिटाला. सी३डी किंवा सी४डी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री ज्या केंद्रांत आहे तेथे पेम्फिगॉइडमध्ये बेसमेंट मेम्ब्रेनवर सलग रेषा मिळू शकते. पेम्फिगसच्या शंकेत रुग्णाला पुन्हा टाका देण्याची गरजही नसते. वाढीच्या अवस्थेतले उपटलेले केस सलाइनमध्ये पाठवले तर त्यांच्या बाहेरच्या आवरणावर डीआयएफची जाळी वाचता येते. फक्त केसाच्या मुळाशी ते पांढुरके, ओलसर आवरण आले आहे का, हे पाठवण्यापूर्वी पाहून घ्यावे.

रिपोर्ट लिहिताना फटीची पातळी, ती कोणत्या जागेवर वाचली, मुख्य दाहपेशी आणि डीआयएफ झाले की नाही, या चार गोष्टी निदानाच्या ओळीआधी याव्यात. डीआयएफशिवाय ‘बाह्यत्वचेखालचा इओसिनोफिलयुक्त फोड, बुलस पेम्फिगॉइडशी सुसंगत, फोडालगतच्या त्वचेचे डीआयएफ आवश्यक’ एवढे लिहिणे पुरेसे आणि प्रामाणिक असते. फोड शिळा असेल तर तसे स्पष्ट लिहून ताजा फोड मागावा. न्यूट्रोफिलयुक्त फोडाच्या रिपोर्टखाली मी एक ओळ आवर्जून जोडतो, ती अशी की डॅप्सोन सुरू करण्यापूर्वी जी६पीडी (तांबड्या रक्तपेशींना जपणारे एन्झाइम) तपासून घ्यावे; विदर्भात ही उणीव असलेली कुटुंबे आहेत, आणि रिपोर्ट ज्या डॉक्टरांच्या हाती पडतो ते पुढच्याच क्षणी त्या गोळीची चिठ्ठी लिहिणार असतात.